जुना डोमेन कंट्रोलर खाली उतरवताना: विंडोज सर्व्हर २०१२ आर-२ वरून २०२२ वर

विंडोज सर्व्हर २०१२ आर-२ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाले. पैसे भरून मिळणारी वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. तरी तीस-चाळीस कॉम्प्युटरच्या कितीतरी ऑफिसांत कोपऱ्यातला एकच टॉवर सर्व्हर अजून त्याच आवृत्तीवर आहे. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा) तोच, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) आणि डीएचसीपी (आयपी वाटणारा) तोच, फाइल शेअर, प्रिंटर आणि टॅलीही त्याच्याच माथी. हा लेख अशाच ऑफिसासाठी आहे: एक डोमेन, एक जुना सर्व्हर आणि काम पहिल्यांदाच हाती घेतलेला माणूस.

नवा डोमेन कंट्रोलर उभा करायला दोन-तीन तास पुरतात. जुन्याला कोण कोण धरून बसलं आहे हे शोधायला मात्र दोन आठवडे लागतात. काम फसतं ते इथेच, म्हणून वेळेचा हिशोब त्याप्रमाणे धरा.

२०२२ च का, २०२५ का नाही

सर्व्हर २०२५ ला डोमेन कंट्रोलर करायचं तर डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कोणत्या आवृत्तीच्या सुविधांवर चालतं ती पातळी) किमान २०१६ लागते. एकटा २०१२ आर-२ असलेल्या डोमेनची लेव्हल २०१२ आर-२ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे थेट उडी नाही, मध्ये एक पायरी घ्यावीच लागते. सर्व्हर २०२२ ला किमान २००८ ची लेव्हल चालते आणि त्याचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहेत.

जुन्या मशीनवरच सीडी घालून अपग्रेड करायचा विचार असेल तर तो सोडा. २०१२ आर-२ वरून थेट २०२२ वर असं अपग्रेड होत नाही, आणि दहा वर्षांचे उरलेसुरले ड्रायव्हर, अँटिव्हायरसचे अवशेष नव्या घरात सोबत येतात ते वेगळंच. नवा सर्व्हर शेजारी उभा करायचा, दोघांना काही दिवस एकत्र नांदू द्यायचं आणि मग जुन्याला उतरवायचं. हीच पद्धत सुरक्षित, कारण बहुतेक टप्प्यांवर मागे फिरता येतं.

लायसन्सबद्दल दोन गोष्टी. स्टँडर्ड आवृत्तीचं लायसन्स कोअरवर मोजलं जातं, एका सर्व्हरला किमान १६ कोअर घ्यावे लागतात. तेवढ्यात हायपर-व्ही वर दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. एकात फक्त डोमेन कंट्रोलर ठेवा, दुसऱ्यात फाइल आणि टॅली. जुनी चूक नव्या पैशात परत करू नका. दुसरं, २०१२ चे कॅल (सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी वेगळे घ्यावे लागणारे लायसन्स) २०२२ च्या सर्व्हरला चालत नाहीत. कोटेशन घेताना हे विसरलं की पुढच्या महिन्यात मालकांसमोर पुन्हा उभं राहावं लागतं.

आणि एक सापळा: घाईत इव्हॅल्युएशनची (चाचणीपुरती) आयएसओ टाकून "लायसन्स नंतर घालू" म्हणू नका. इव्हॅल्युएशनवर चालणारा सर्व्हर एकदा डोमेन कंट्रोलर झाला की त्याचं पूर्ण आवृत्तीत रूपांतर होत नाही. आधी त्याला डोमेन कंट्रोलरच्या पदावरून उतरवावं लागतं. १८० दिवस संपले की तो दर तासाला आपोआप बंद पडू लागतो.

दिवस कोणता धरायचा

पगाराचा आठवडा, ७ तारखेचा टीडीएस, ११ ची जीएसटीआर-१ आणि २० ची ३-बी टाळा. महिन्याच्या २१ ते २७ या काळात अकाउंट्सचा जीव जरा मोकळा असतो. पुणे-चाकण पट्ट्यात गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते म्हणून तो दिवस सोयीचा वाटतो, पण देखभालीसाठी वीजही बऱ्याचदा गुरुवारीच बंद ठेवतात. महावितरणची सूचना बघितल्याशिवाय गुरुवार ठरवू नका. प्रमोशन (नव्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर बनवणं) चालू असताना यूपीएस कुरकुरायला लागली तर पुढचे दोन दिवस त्यातच जातात.

आधी यादी

जुन्या सर्व्हरवर बसून वही भरा. कोणते रोल बसवले आहेत, कोणते शेअर आहेत, टास्क शेड्युलरमध्ये काय काय चालतं, कोणत्या सर्व्हिस कोणत्या खात्याने चालतात. सर्टिफिकेट सर्व्हिसेसचा रोल दिसला तर तिथेच थांबा. तो रोल असेपर्यंत डोमेन कंट्रोलर खाली उतरवता येत नाही, त्याचं स्थलांतर आधी वेगळं करावं लागतं.

मग सर्व्हर रूममधून बाहेर पडा आणि ऑफिसभर फिरा. हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, झेरॉक्स-स्कॅनर, फायरवॉलचं व्हीपीएन: यातल्या प्रत्येकात कुणीतरी कधीतरी जुन्या सर्व्हरचा आयपी हाताने टाकून ठेवलेला असतो. फायरवॉलचं एलडॅपचं (डोमेनमधल्या खात्यांची विचारणा करण्याची पद्धत) पान उघडून बघा. घरून काम करणाऱ्यांचं लॉगिन तिथूनच तपासलं जात असेल तर ते सोमवारी सकाळी बंद पडेल आणि बोल डोमेनला लागेल.

जुन्या सर्व्हरचं नाव पॉलिसींत (डोमेनभर लागू होणाऱ्या सेटिंगांत) कुठे कुठे लिहिलंय हे शोधायला फाइंडस्ट्र ही कमांड पुरते. सिसवॉलच्या (पॉलिसी आणि लॉगॉन स्क्रिप्ट ठेवणाऱ्या) फोल्डरवर ती /एस आणि /आय सोबत चालवा आणि एक्सएमएल, बॅच आणि व्हीबीएस फाइलींत सर्व्हरचं नाव शोधा. ड्राइव्ह मॅपिंगच्या पॉलिसी, २०१४ मधली लॉगॉन स्क्रिप्ट, प्रिंटर जोडणाऱ्या ओळी सगळं बाहेर येतं. प्रत्येक युजरच्या प्रोफाइल टॅबवरचं होम फोल्डरही बघा, ते या शोधात सापडत नाही.

तब्येत तपासा

डीसीडायग ही तपासणीची कमांड चालवा आणि तिचं उत्तर पूर्ण वाचा. एकच डोमेन कंट्रोलर असेल तर त्याच्या हिरव्या कौलावर फार विसंबू नका. सिसवॉलचं रेप्लिकेशन (डोमेन कंट्रोलरांनी एकमेकांशी प्रती जुळवणं) महिनोन् महिने बंद पडलेलं असलं तरी ज्याच्याशी रेप्लिकेशन करायचं असा दुसरा कोणी नसतोच, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. नवा सर्व्हर आला की तो रोग बाहेर येतो.

म्हणून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डीएफएस रेप्लिकेशनचा लॉग उघडा आणि २२१३ व ४०१२ हे दोन क्रमांक शोधा. २२१३ म्हणजे वीज गेल्यावर सर्व्हर धाडकन बंद पडला आणि सर्व्हिसने आपलं काम थांबवून ठेवलं. रेप्लिकेशन पुन्हा सुरू करायची कमांड त्या नोंदीच्या मजकुरातच दिलेली असते. ती चालवल्यावर बऱ्याचदा ४०१२ येते: साठ दिवसांहून जास्त काळ थांबलेलं असल्यामुळे आता हा फोल्डर जुना समजला जातोय, असा तिचा अर्थ.

एकट्या डोमेन कंट्रोलरवर यावर उपाय म्हणजे त्याच्याच सिसवॉलला अधिकृत प्रत ठरवणं. क्रम असा:

१. सिसवॉलमधले पॉलिसीज आणि स्क्रिप्ट्स हे फोल्डर बाहेर कॉपी करून ठेवा, आणि डीएफएस रेप्लिकेशनची सर्व्हिस थांबवा.
२. एडीएसआय एडिटमध्ये डोमेन कंट्रोलर्सच्या ओयूखाली (डिरेक्टरीतल्या कप्प्याखाली) सर्व्हरचं नाव, त्याखाली डीएफएसआर-लोकलसेटिंग्ज, डोमेन सिस्टिम व्हॉल्यूम आणि शेवटी सिसवॉल सबस्क्रिप्शन असं उतरत जा. तिथे एमएसडीएफएसआर-एनेबल्ड ला फॉल्स करा आणि एमएसडीएफएसआर-ऑप्शन्स मध्ये १ लिहा.
३. सर्व्हिस सुरू करा. लॉगमध्ये ४११४ यायला हवी.
४. एनेबल्ड परत ट्रू करा आणि डीएफएसआरडायग पोलएडी चालवा. ही कमांड डीएफएस मॅनेजमेंट टूल्स बसवल्याशिवाय मिळत नाही.
५. ४६०२ ची नोंद आली की काम झालं.

हे नवा सर्व्हर जोडायच्या आधी केलेलं सर्वांत बरं.

डोमेन २००३ च्या काळात जन्मलेलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. डीएफएसआरमिग /गेटग्लोबलस्टेट चालवल्यावर "एलिमिनेटेड" असं उत्तर आलं तर पुढे जा. स्थलांतर सुरूच झालं नाही असं उत्तर आलं तर सिसवॉल अजून एफआरएस वर (डीएफएस रेप्लिकेशनच्या आधीच्या जुन्या पद्धतीवर) आहे आणि २०२२ चा सर्व्हर त्याला स्वीकारत नाही. /सेटग्लोबलस्टेट ने १, २, ३ असे टप्पे घ्यायचे, प्रत्येक टप्प्यानंतर /गेटमायग्रेशनस्टेट ने सगळे तयार झाल्याची खात्री करून. ३ वर गेलात की परतीची वाट नाही, म्हणून २ वर एक दिवस थांबलेलं चांगलं.

यानंतर बाहेरच्या डिस्कवर सिस्टिम स्टेटचा बॅकअप घ्या, डब्ल्यूबीॲडमिनने. डीएसआरएम चा (डोमेन कंट्रोलरच्या दुरुस्ती मोडचा) पासवर्ड कुणालाच आठवत नसतो. एनटीडीएसयूटिल मधून तो आत्ताच नवा करून ठेवा. त्या पासवर्डाविना बॅकअप परत बसवता येत नाही.

नवा सर्व्हर जोडणं आणि प्रमोशन

एवढ्या ऑफिसच्या डोमेन कंट्रोलरला ४ व्हर्च्युअल कोअर, ८ जीबी रॅम आणि १०० जीबी डिस्क भरपूर होते. सगळे अपडेट घालून घ्या, नाव आत्ताच कायमचं ठरवा, स्थिर आयपी द्या. डीएनएसच्या खान्यात फक्त जुन्या सर्व्हरचा आयपी. दुसऱ्या खान्यात ८.८.८.८ टाकायचा मोह होतो, तो टाळा. बाहेरच्या डीएनएसला तुमचं डोमेन माहीत नाही. विंडोजने एखाद्या क्षणी तिकडे विचारलं की "डोमेन सापडत नाही" असा संदेश येतो, तोही कधी येतो, कधी नाही. असा लपंडाव खेळणारा दोष शोधण्यात दिवस जातात. हाच नियम ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला लागू.

डोमेनला जोडा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (डोमेनची खाती सांभाळणारा) रोल बसवा आणि "ॲड अ डोमेन कंट्रोलर टू ॲन एक्झिस्टिंग डोमेन" निवडा. ज्या खात्याने हे कराल ते स्कीमा ॲडमिन्स आणि एंटरप्राइझ ॲडमिन्स या दोन्ही गटांत हवं. आत्ताच घातलं असेल तर एकदा लॉगऑफ करून परत या, तोवर गट लागू होत नाही. स्कीमाचं (डिरेक्टरीतल्या नोंदींच्या आराखड्याचं) अपडेट विझार्ड स्वतः करतो. आवृत्ती ६९ वरून ८८ वर जाते. डीएनएस आणि ग्लोबल कॅटलॉगच्या खुणा असू द्या.

सर्व्हर रीस्टार्ट होऊन आला म्हणजे काम झालं, असं समजू नका. कमांड प्रॉम्प्टवर नेट शेअर चालवा. यादीत सिसवॉल आणि नेटलॉगॉन दोन्ही दिसायला हवेत. दिसत नसतील तर डीएफएस रेप्लिकेशनच्या लॉगमध्ये जा: ४६१४ म्हणजे पहिली प्रत येण्याची वाट बघणं चालू आहे, ४६०४ म्हणजे प्रत आली. तासाभरानंतरही ४६१४ वरच अडकलं असेल तर दोष बहुतेक जुन्या सर्व्हरवर आहे आणि वर सांगितलेली तपासणी राहून गेली आहे. या अवस्थेत रोल हलवले तर लॉगिन होईल, पण पॉलिसी कुणालाच मिळणार नाहीत. ४६०४ दिसेपर्यंत पुढे पाऊल टाकू नका.

पाच रोल आणि घड्याळ

रेपॲडमिन /रिप्लसमरी मध्ये शून्य चुका दिसल्या की पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच डोमेन कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) हलवा. पॉवरशेलच्या मूव्ह-एडीडिरेक्टरीसर्व्हरऑपरेशनमास्टररोल या कमांडला ०,१,२,३,४ दिले की पाचही एकदम जातात. नेटडॉम क्वेरी एफएसएमओ ने खात्री करा. जुना सर्व्हर जिवंत असताना रोल "सीझ" करू नका, "ट्रान्सफर"च करा. सीझ हे मेलेल्या सर्व्हरसाठी आहे, आणि ते केल्यावर तो जुना सर्व्हर पुन्हा कधीच नेटवर्कवर आणायचा नसतो.

पीडीसी एम्युलेटरचा रोल ज्याच्याकडे, त्याच्या घड्याळावर सगळं ऑफिस चालतं. कर्बरॉसला (डोमेनच्या लॉगिन तपासणीच्या पद्धतीला) पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही. बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिन नाकारलं जातं. नवा सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर हायपर-व्ही च्या इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधली टाइम सिंक्रोनायझेशनची खूण काढा. नाहीतर होस्ट डोमेनकडून वेळ घेतो, डोमेन होस्टकडून घेतं, आणि दोघं हातात हात घालून चुकत जातात.

वेळ कुठून घ्यायची हे आपल्याकडे नियमानेच ठरलेलं आहे. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी घड्याळ जुळवायचं असतं. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवायलाही सांगितलं आहे, तेव्हा नव्या सर्व्हरवर सिक्युरिटी लॉगचा आकार आत्ताच वाढवा. डब्ल्यू३२टीएम च्या /मॅन्युअलपिअरलिस्ट मध्ये ते पत्ते द्या, फायरवॉलमधून यूडीपी १२३ बाहेर जाऊ द्या आणि /क्वेरी /सोर्स ने तपासा. उत्तरात "लोकल सीमॉस क्लॉक" किंवा "व्हीएम आयसी टाइम" असं काही दिसलं तर अजून जुळलेलं नाही.

डीएनएस आणि डीएचसीपी

डीएनएसचे झोन (नावांच्या याद्या) आपोआप नव्या सर्व्हरवर येतात, फॉरवर्डर (बाहेरची नावं ज्यांना विचारायची ते डीएनएस) येत नाहीत. ती त्या त्या सर्व्हरची स्वतःची नोंद असते. जुन्यावरून बघून हाताने टाका, नाहीतर "नव्या सर्व्हरवर इंटरनेट हळू चालतं" अशी तक्रार दुसऱ्या दिवशी येईल.

डीएचसीपीसाठी आठवडाभर आधी लीजची मुदत (कॉम्प्युटरला दिलेला आयपी किती काळ त्याचा राहतो ते) आठ दिवसांवरून आठ तासांवर आणा, म्हणजे बदल सगळीकडे एका दिवसात पोचतो. जुन्यावर एक्स्पोर्ट-डीएचसीपीसर्व्हर, नव्यावर इम्पोर्ट-डीएचसीपीसर्व्हर, दोन्हीकडे -लीजेस लावून. स्कोपच्या (वाटायच्या आयपींच्या पट्ट्याच्या) ००६ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये नव्या डीएनएसचा आयपी घाला. जुन्याची सर्व्हिस बंद करून डिसेबल करा आणि मगच नव्याला ऑथराइझ करा. दोन्ही एकाच वेळी चालू राहिले तर एकच आयपी दोघांना वाटला जाऊ शकतो.

फाइल

रोबोकॉपी दोनदा चालवायची. पहिली फेरी कामाच्या दिवसांत सावकाश: /ई /कॉपीऑल /डीकॉपी:टी /आर:१ /डब्ल्यू:१ आणि /लॉग. /आर आणि /डब्ल्यू विसरू नका. मुळात ती एका अडकलेल्या फाइलवर दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून प्रयत्न करते. रात्री लावलेली कॉपी सकाळी एका उघड्या एक्सेलपाशी अडकलेली दिसते ती यामुळेच. दुसरी फेरी ठरलेल्या रात्री, सगळ्यांना बाहेर काढून, /ई च्या जागी /मिर लावून.

/मिर लिहिताना उगमस्थान आणि मुक्काम दोनदा वाचा. मूळ जागी नाही ते सगळं ती मुक्कामी पुसून टाकते. दोन पत्ते उलट पडले तर रिकामा नवा फोल्डर भरलेल्या जुन्याला रिकामा करतो. आधी /एल लावून कोरडी फेरी घ्या, ती फक्त यादी दाखवते.

रोबोकॉपीने फाइलींच्या परवानग्या येतात, शेअरच्या येत नाहीत. त्या रजिस्ट्रीत लॅनमनसर्व्हरच्या शेअर्स या कीमध्ये असतात. एक्स्पोर्ट करून नव्यावर घ्या आणि सर्व्हर सर्व्हिस पुन्हा सुरू करा. ड्राइव्हची अक्षरं दोन्हीकडे सारखी हवीत.

टॅली आणि स्कॅनर

टॅलीचं लायसन्स जुन्या सर्व्हरवरून आधी सरेंडर करा, मग नव्यावर ॲक्टिव्हेट करा. क्रम चुकला तर लायसन्स जुन्या मशीनच्या नावावर अडकून राहतं. लायसन्स सर्व्हरचा पोर्ट ९९९९ नव्या सर्व्हरच्या विंडोज फायरवॉलमध्ये उघडा. सर्व्हरवर टॅली चालतेय आणि क्लायंटवर एज्युकेशनल मोड दिसतोय, याचं पहिलं कारण हा पोर्टच असतो.

स्कॅन करून थेट फोल्डरात टाकणारी जुनी मशीन बऱ्याचदा एसएमबी-१ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) बोलतात, आणि सर्व्हर २०२२ वर तो मुळात बसवलेलाच नसतो. "एकच स्कॅनर आहे" म्हणून तो चालू करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय याच वाटेने पसरला होता. मशीनचं फर्मवेअर अपडेट करून एसएमबी-२ मिळतं का बघा, नाहीतर स्कॅन ईमेलवर पाठवा.

जुन्याला उतरवणं

सगळं हलवून झालं की जुन्या सर्व्हरच्या डीएनएस प्रॉपर्टीजमध्ये डीबग लॉगिंग दोन दिवस चालू ठेवा. अजून कोण त्यालाच विचारतंय त्यांचे आयपी लॉगमध्ये सापडतात. त्या प्रत्येकापाशी जाऊन नवा पत्ता टाका. नव्या सर्व्हरच्या स्वतःच्या डीएनएस खान्यातून जुन्याचा आयपीही आत्ता काढा.

आता जुन्याची नेटवर्क केबल काढा आणि आठवडाभर वाट बघा. सर्व्हर तसाच ठेवा, काही अडलं तर केबल परत लावली की झालं. आठवड्यात एकदा पगार, एकदा बॅकअप, एकदा हजेरीचा रिपोर्ट होऊन जातो आणि यादीतून सुटलेलं बहुतेक सगळं वर येतं. महिनोन् महिने मात्र ठेवू नका. १८० दिवसांच्या वर तुटून राहिलेला डोमेन कंट्रोलर परत जोडायच्या लायकीचा राहत नाही, आणि २००० किंवा २००३ च्या काळातल्या काही डोमेनमध्ये ही मुदत ६० च दिवसांची असते.

आठवडा शांत गेला की केबल लावा, रेप्लिकेशन पूर्ण होऊ द्या आणि सर्व्हर मॅनेजरच्या रिमूव्ह रोल्समधून डिमोट करा. "लास्ट डोमेन कंट्रोलर इन द डोमेन" वर खूण असता कामा नये, "फोर्स रिमूव्हल" वरही नाही. नंतर साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये जुन्या सर्व्हरची नोंद उरली असेल तर पुसा आणि डीएनएस झोनच्या नेम सर्व्हर यादीतून त्याचं नाव काढा. हाताने टाकलेल्या आयपीची उपकरणं फारच असतील तर जुना आयपी नव्या सर्व्हरला दुसरा पत्ता म्हणून देण्याची वेळ हीच. शेवटी डोमेन आणि फॉरेस्टची (डोमेनांच्या समूहाची) फंक्शनल लेव्हल २०१६ करा आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा रीसायकल बिन चालू करा. तो बंद असेल तर चुकून पुसलेलं युजर खातं गटांसकट सहज परत आणता येत नाही.

जुना सर्व्हर भंगारात देण्याआधी त्याच्या बॅकअपच्या बाहेरच्या डिस्क शोधा. त्या बॅकअपात डोमेनमधल्या प्रत्येक खात्याच्या पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) असतात. १८० दिवसांनंतर तो बॅकअप परत बसवायच्या कामाचा उरत नाही, पण ज्यांनी पासवर्ड बदललेला नाही त्यांचे हॅश चोराच्या कामाचे तसेच राहतात. डिस्क पूर्ण पुसा किंवा ड्रिलने भोक पाडा, आणि तारीख वहीत लिहून ठेवा.